ओल्या रंगाचं घर

भाद्रपद अर्धा सरला की आमच्या विरारच्या हवेला एक चिकटपणा येतो. पाऊस धड जात नाही, ऊन धड येत नाही. मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो, पापड डब्यातल्या डब्यात नरम पडतात, कपाटाचं दार फुगून बसतं आणि त्याला खांदा लावावा लागतो. परवा आमच्या सोसायटीच्या जिन्याच्या कठड्याला रंग दिला. रंगाऱ्याने शेजारच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘रंग ओला आहे’. मी ते वाचलं. नीट, चष्मा लावून वाचलं. आणि मग बोट लावून बघितलं.

साठी उलटलेल्या माणसाने असं करावं का? पण बोटाला लागल्याशिवाय मला कोणाचं काही पटत नाही, हा माझा जुना आजार आहे. बोट तपकिरी झालं. ते पुसायला घरी येऊन टर्पेंटाइनची बाटली शोधली, बूच काढलं, आणि त्या वासासरशी मी तीन वर्षं मागे, निर्मळच्या एका ओटीवर जाऊन बसलो. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात चिंधी, समोर गुडघ्याएवढं लाकडी घर, आणि मागे खिडकीतून खाटेवरची हाक, “बाळ्या, मेल्या, परत ओघळ आणलास!”

हाक मारणारी माझी बहीण, शालूताई. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. निर्मळच्या वाडीवाल्यांकडे दिलेली. केळी, सोनचाफा, थोडी भाजी, आणि त्या सगळ्यापेक्षा मोठं घर. पहाटे उठून फुलं खुडायची, मुळ्याच्या नि पालकाच्या जुड्या बांधायच्या, मग घर झाडायचं, ते झाडून होईपर्यंत अंगणात पुन्हा पानं पडलेली असायची. तिचे यजमान गेले, मुलगा निनाद नोकरीला लागला, सून आली, तरी ताईच्या हातातला केरसुणीचा मुठा काही सुटला नाही. सुटला तो त्या वर्षी चैत्रात, पोटातल्या दुखण्याचं नाव कळलं तेव्हा.

श्रावणात डॉक्टर म्हणाले, “दिवाळीपर्यंत बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला आणि सगळ्यांनी तो न कळल्यासारखं केलं. मी तर गाडीत बसल्याबसल्या दिवाळीला कोणते लाडू करायचे यावर बोलत राहिलो. घाबरलो की मी फार बोलतो. ताईने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाळ्या, तुला एवढे लाडू आवडतात हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं.”

त्या राखीपौर्णिमेला तिने मला राखी बांधली. खरं म्हणजे प्राचीने, तिच्या सुनेने, गाठ मारली, कारण औषधांमुळे ताईच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. जी बाई डोळे मिटून संस्कारभारतीची रांगोळी घालायची तिला दोऱ्याची गाठ लागत नव्हती. मी घाईघाईने विचारलं, “काय देऊ ओवाळणी?”

“घर दे.”

“कुठलं?”

“विहिरीत बुडवलंस ते.”

इथे मला खुलासा करायला हवा. लहानपणी तिने खोक्यांच्या पुठ्ठ्याचं एक घर केलं होतं, खिडक्यांना पतंगाचा कागद लावून. ते तरंगतं का, हे पाहायला मी ते विहिरीत सोडलं. थोडा वेळ तरंगलं. ही गोष्ट ती दर राखीला काढायची आणि आम्ही दोघं दर राखीला हसायचो. त्या वर्षी ती हसली नाही.

“लाकडाचं कर. कौलं हवीत, वर माडी हवी. दारं उघडणारी. आणि आत कोणी नको.”

“बाहुली पण नको?”

“नको. माणूस आलं की केर आला. एक तरी घर असं असू दे की ज्यात झाडू मारायचा नाही.”

मी हो म्हणालो. सातिवलीतल्या गोदामात तीस वर्षं मी लोकांचा माल मोजला, पण लाकडाशी माझा संबंध एका स्टुलापुरता. ते स्टूल मी स्वतः केलं आहे. त्याच्यावर एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसत नाही. तरी सातिवलीत अजून ओळखी होत्या. फर्निचरवाल्याकडून प्लायवूडचे तुकडे, सागाच्या पट्ट्या मिळाल्या. फोनवर पाहून पाहून आमच्या गॅलरीत मी कापाकापी केली. बायकोने वाळत घातलेले कपडे तीन आठवडे भुशाने माखले. दीड दिवसाचे गणपती उठले त्या सुमारास घर उभं राहिलं. उभं म्हणजे, भिंतीला टेकवलं तर.

ते निर्मळला न्यायचं ठरवलं, कारण ताईला रंग स्वतःच्या देखरेखीखाली हवे होते. स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी घर, त्याच्यावर छत्री दोरीने बांधलेली, आणि मी पाय बाहेर काढून बेडकासारखा बसलेलो. बोळिंजपासून नंदाखालपर्यंत जो दिसेल तो विचारायचा, “देव्हारा केवढ्याला पडला?” एकाने तर चालत्या स्कूटरला हात जोडले. निर्मळच्या नाक्यावर अर्नाळ्याची एक मावशी मासळीची टोपली घेऊन बसते, ती ओरडली, “देवाला छत्री नि आपन पान्यात! पुन्य लागंल बाबा तुला!” मला पुण्य नको होतं. मला फक्त दिवाळीच्या आत रंग वाळायला हवा होता.

ताईने घर पाहिलं. छपरावरून हलकेच हात फिरवला. मला वाटलं, भरून आलं.

“कौलं कुठून लावायला घेतलीस?”

“वरून. कोन साधायला बरं पडतं.”

“म्हणजे वरचं कौल खाली नि खालचं कौल त्याच्या उरावर. पाणी सरळ आत. वाडीवाल्याच्या घरात जन्मलास ना रे? कौलारू छप्पर खालून शाकारत वर जातात, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं!”

आइस्क्रीमच्या काड्या कापून केलेली ती कौलं चिकटवायला मला आठ दिवस लागले होते. ती सगळी उपटली. उपटताना निम्मी मोडली. पुन्हा खालून वर लावली. त्या खाटेवरून ती एकेका ओळीला “हं” म्हणायची. तिचा “हं” आला नाही की मी थांबायचो. तिचा डोळा लागलेला असायचा, आणि मी हातात एक काडी धरून, तिची छाती वर-खाली होते आहे ना, हे खिडकीतून बघत राहायचो. छाती हलली की काडी चिकटवायचो.

मग रंग. माझी त्या ऋतूतली सगळ्यात मोठी घोडचूक इथे सुरू होते. मी ऑइल पेंट आणला. चकाकी येते, टिकतो, दुकानदार म्हणाला. किती वर्षं टिकेल असंही मी त्याला विचारलं. वर्षं! पहिला हात दिला आणि अर्ध्या तासात आतून भांडं पडल्याचा आवाज आला. टर्पेंटाइनचा वास खिडकीतून आत गेला होता. सकाळपासून तिच्या पोटात पेजेचे चार चमचे गेले होते, ते सगळे बाहेर आले. प्राची तिची पाठ चोळत होती. मी दारात ब्रश घेऊन उभा. माफी मागायची तर ती कशी मागायची? मी म्हणालो, “रंग मात्र छान बसलाय.”

म्हणजे आता घर नुसतं वाळून भागणार नव्हतं, त्याचा वास जायला हवा होता. ते मी अंगणाच्या पार टोकाला, अवजारांच्या खोपीत नेलं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रोज बोट लावायचो आणि रोज भिंतीवर माझा अंगठा उमटायचा. हवाच अशी, की टॉवेल वाळेना तिथे रंग काय वाळणार! पंखा लावला, तर वाडीतली चिलटं येऊन भिंतीला चिकटली. प्राचीचं केस वाळवायचं यंत्र लावलं, तर माडीला फोड आले. इकडे ताईची पेज चार चमच्यांवरून तीनवर आली होती.

पितृपक्ष लागला. वत्सलाकाकी, ताईची चुलतसासू, ओटीवर येऊन टेकली आणि म्हणाली, “या पंधरवड्यात नव्या घराला हात लावू नये हो. खेळण्यातलं झालं म्हणून काय झालं!”

आतून ताईचा आवाज आला, “काकी, पितरांना सांगा, रंग ओला आहे. जरा थांबून न्यायला या.”

काकी पदर सावरत उठली. मी हसलो. सवयीने हसलो, आणि मग खोपीत जाऊन उगाच पॉलिश पेपर शोधत बसलो.

त्याच दिवशी शेजारच्या वाडीतला भास्कर म्हणाला, “आमच्या केळ्यांच्या खोलीत ठेव की. कशी ऊब असते!” केळी पिकवायला त्यांची एक बुटकी, बिनखिडकीची खोली आहे. केळीचे घड, म्हणजे लोंगर, आत रचायचे, कोपऱ्यात मडक्यात शेणी धुमसत ठेवायची, दार लिंपून बंद करायचं. धुराच्या उबेने केळी पिकतात. जगात कुठल्याही दुसऱ्या गावच्या माणसाला ओला रंग वाळवायला ही जागा सुचली नसती. मला सुचवली गेली आणि मला ती पटली. इतका वेळ हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून मी कपाळावर हातही मारून घेतला. त्या हाताला रंग होता.

तीन दिवसांनी दार फोडलं. केळी पिवळीधमक झाली होती. घर काळं झालं होतं. चिकट रंगाने खोलीतला सगळा धूर प्रेमाने ओढून घेतला होता. भिंतींवर काजळी, कौलांवर राख, माडीच्या खिडकीत एक मेलेलं झुरळ. भास्कर डोकं खाजवत म्हणाला, “वाळलंय मात्र.”

ते मी ताईसमोर नेऊन ठेवलं. लपवायचं कसं? तिने पाहिलं, वास घेतला, पुन्हा पाहिलं, आणि हसायला लागली. आवाज न करता, उशी हलेल असं. “बाळ्या,” ती दम खात म्हणाली, “घर सांगितलं होतं रे. तू सुके बोंबील आणलेस.” हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू आलं. त्या संध्याकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली. मी मात्र अंगणात दिवस मोजत होतो.

मग मला उशिरा शहाणपण आलं. सगळं घासून काढलं, खड्डे बुजवायला लांबी भरली, आणि पाण्यात कालवायचा रंग आणला. वास नाही, दोन तासांत कोरडा. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर! आता दोन दिवसांत घर होणार, असं मी प्राचीला ठणकावून सांगितलं.

पांढऱ्या भिंती केल्या. ताई म्हणाली, “दवाखाना वाटतोय.” पिस्त्याच्या रंगाच्या केल्या. “शेवाळ आल्यासारखं दिसतंय.” हळदी केल्या. तिने मान तिरकी करून पाहिलं. “पहिला पांढराच बरा होता, नाही का?” दाराला निळा दिला तर लाल हवा, लाल दिला तर लाकडाचा हवा, म्हणजे दोन्ही रंग खरवडायचे. खिडक्यांची चौकट जाड दिसते. जिन्याला पायरी कमी आहे. रोज दुपारी मी पोचायचो आणि रोज काहीतरी नवीन निघायचं. आणि रोज तिचं मनगट आदल्या दिवसापेक्षा बारीक दिसायचं. बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली होती. मी घराकडे पाहायचो नि बांगडीकडे पाहायचो, आणि ब्रशच्या फटकाऱ्याचा वेग वाढायचा, आणि ओघळ यायचे, आणि ते पुसण्यात आणखी एक दिवस जायचा.

एक दिवस तिने माडीचा रंग चौथ्यांदा बदलायला सांगितला आणि माझा तोल गेला. “ताई, किती वेळा? वेळ नाहीये आता!”

बोलून गेलो. 

“तुला कुठे जायचंय?” तिने विचारलं.

“मला कुठे...”

“मग? मलापण घाई नाही.” आणि ती भिंतीकडे वळून पडून राहिली.

मी ब्रश धुवायला मागे विहिरीवर गेलो. प्राची भांडी विसळत होती. मान वर न करता म्हणाली, “मामा, तुमच्या खरंच लक्षात नाही आलं?”

“काय?”

“दोन वाजले की आईंचं सुरू होतं, बाळ्या आला का, बाळ्याची स्कूटर वाजली का. आज सकाळी मला म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, आज मी माडी बदलायला लावणार आहे. रात्रभर विचार करतात, उद्या काय चुकीचं काढायचं.”

प्राचीने एक ताट विसळून पालथं घातलं.

“येतात ते सगळे आवरायला येतात हो. निनाद कागदांवर सह्या घ्यायला बसतो. त्याच्या आत्या विचारतात, कुठली साडी कोणाला. त्यांचं चुकत नाही, करायला हवंच. पण या घरात पसारा करायला येणारे तुम्ही एकटेच आहात.”

हातातला ब्रश मी किती वेळ धुतला कोण जाणे. पाणी कधीच स्वच्छ झालं होतं. इतके दिवस मी छाती फुटेस्तोवर धावत होतो की घर पुरं झालं पाहिजे, ती आहे तोवर झालं पाहिजे. आणि ती त्या बधिर बोटांनी, जमेल तेवढ्या जोराने, तेच घर दुसऱ्या बाजूने धरून ठेवत होती. पुरं होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या कटात सामील झालो. अर्थात न सांगता. खिडकी मुद्दाम वाकडी बसवली. तिने एक डोळा बारीक केला. “ही मुद्दाम केलीस.”

“छे!”

“तुझी खरी चूक मला कळते रे. खरी करताना तू शीळ घालतोस.”

म्हणजे मला चुकासुद्धा नीट करता येईनात. मग शीळ घालत मुद्दाम चुका केल्या, तर शीळ बेसूर झाली आणि तीही तिने पकडली. पण आम्ही दोघांनी ते दिवस लांबवले. रंगावर रंग चढला. त्या भिंती आज नखाने खरवडल्या तर आत पांढरा, पिस्ता, हळदी, पुन्हा पांढरा, असे थर निघतील. ते घर आता प्राचीच्या दिवाणखान्यात आहे. पाहुणे कौतुक करतात, किती बारीक काम, कारागीर कुठला म्हणून विचारतात. ती त्याच्यावर फडकंसुद्धा मारत नाही. धूळ बसते, बसू देते. दसऱ्यानंतर चार दिवसांनी ताई गेली. माणसं मला म्हणाली, तुम्ही बहिणीची इच्छा पुरी केलीत, केवढं समाधान. मी हो म्हणतो. लोकांना समाधान द्यायला आपलं काय जातं!

पण मला आठवते ती नवरात्रातली अष्टमी. त्या दिवशी हवा एकदम कोरडी झाली. आकाश धुतल्यासारखं, ऊन करकरीत, अंगणातली माती दोन महिन्यांनी पांढरी पडलेली. ताईने दोन दिवस पेज घेतली नव्हती. मी गेलो तेव्हा ती जागी होती. घराकडे बघत होती. आज काय निघतंय म्हणून मी पिशवीतून सगळे डबे काढून मांडले.

“बाळ्या,” ती म्हणाली. ऐकायला मला खिडकीत वाकावं लागलं. “बस झालं आता. वॉर्निश मार.”

“अगं, जिन्याचा कठडा राहिलाय ना? तूच म्हणालीस, जाड दिसतो.”

“बरा आहे.”

“माडीला अबोली देऊन बघू म्हणालो होतो.”

“राहू दे.”

“वॉर्निश नाहीये. संपलं.”

“निळ्या पिशवीत आहे. प्राचीने दाखवलं मला.” मग थोडा वेळ श्वास घेऊन म्हणाली, “मार रे. मला बघू दे.”

मी डबा उघडला. वॉर्निशही पाण्याचं होतं, वास नव्हता. पहिला फटकारा दिला आणि वाट पाहिली. माझा तो ब्रश केस गाळणारा, दर भिंतीला दोन-चार केस सोडणारा. त्या दिवशी एकही केस सुटला नाही. वारा नव्हता, चिलटं नव्हती. रोज मध्ये येणारं मांजर पायरीवर झोपून होतं. मी हात सैल सोडला, ब्रश जास्त बुडवला, शीळसुद्धा घालून पाहिली. वॉर्निश पाण्यासारखं पसरत गेलं, कडेपर्यंत गेलं, तिथे थांबलं. भिंती झाल्या, दार झालं, माडी झाली, कौलांची शेवटची ओळ झाली.

“आण इकडे.”

मी घर उचलून खिडकीत धरलं. तिने एकेक भिंत पाहिली. मला फिरवायला लावलं, पुन्हा फिरवायला लावलं. मग बोटाने खूण केली, ठेव.

“कोणाकडून करून घेतलंस रे?” ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी ते ओटीवर ठेवलं आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरलो. उजेडाकडे तोंड करून पाहिलं, उजेडाकडे पाठ करून पाहिलं, गाल जमिनीला टेकवून पाहिलं. एखादा ओघळ, एखादा बुडबुडा, ब्रशचा एखादा केस, काहीतरी असेल. सापडलं की मोठ्याने म्हणणार होतो, ताई, चुकलं गं, उद्या परत यावं लागणार. ऊन उतरेपर्यंत शोधत होतो. काही सापडलं नाही.